परवान्याचा अर्थ कोणी तपासला? ओपन सोर्स आणि परीक्षित तांत्रिक अहवाल

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा मथितार्थ असा, की सॉफ्टवेअर देताना त्यात कोणकोणते तयार भाग वापरले आहेत, त्यांची आवृत्ती कोणती, ते कोणाकडून आले आणि कोणत्या परवान्याखाली मिळाले, याची यादी सोबत असावी. रत्नागिरीत, चिपळुणात किंवा कुडाळला दोन-चार जणांना हाताशी घेऊन सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला यातले पहिले तीन रकाने सहज भरता येतात; ते काम संगणकच करून देतो. चौथ्या रकान्यात परवान्याचे नावही लिहिता येते. मात्र त्या नावामुळे आपल्यावर नेमके कोणते बंधन आले, असे विचारले की उत्तरे फुटतात. एक मित्र सांगतो, फुकट आहे तर वापर. दुसरा सांगतो, त्याला हात लावलास तर तुझा सगळा कोड, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लिहिलेल्या आज्ञा, उघडा करावा लागेल. दोघेही ऐकीव माहितीवर बोलत असतात.

ऐकीव माहितीच्या जागी तपासलेली माहिती आणण्यासाठी ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी तांत्रिक अहवाल लिहावेत, ते इतर जाणकारांकडून तपासून घ्यावेत आणि सर्वांना मोफत वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत, ही रीत हळूहळू रुजत आहे. ती काय आहे आणि कोकणातल्या माणसाला तिच्याशी काय देणेघेणे आहे, हे पाहू.

परवाना नसलेला कोड मोकळा नसतो

पुष्कळांचा गोंधळ इथेच सुरू होतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ या संज्ञेत संगणक आज्ञावलीचाही समावेश आहे. कविता लिहिणाऱ्याला तिच्यावर जसा आपोआप हक्क मिळतो, तसाच कोड लिहिणाऱ्याला कोडवर मिळतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. म्हणून इंटरनेटवर कोणी कोड नुसता ठेवून दिला आणि त्यावर काहीच लिहिले नाही, तर तो वाचता येतो, पण आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याची परवानगी मिळालेली नसते. ओपन सोर्स परवाना म्हणजे मालकाने सर्वांना आगाऊ देऊन ठेवलेली लेखी संमती, आणि त्या संमतीसोबत येणाऱ्या अटी.

या परवान्यांची दोन मोठी घराणी आहेत. एमआयटी किंवा बीएसडी यांसारखे परवाने मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर जपला की बाकी मोकळीक देतात. जीपीएल घराण्यातले परवाने त्यापुढे जाऊन म्हणतात, की आमच्या कोडवर आधारलेले काही तुम्ही दुसऱ्याला दिले, तर तेही याच अटींवर, मूळ कोडसह द्या. जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. १९९८ मध्ये स्थापन झालेली ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था दहा निकषांवर परवाने तपासते आणि निकषांत बसणाऱ्यांना मान्यता देते.

कोकणात जमीन घेतलेल्या कोणालाही यातली अडचण चटकन कळेल. सातबाऱ्यावर एका गुंठ्याला वीस हिस्सेदार असतात, ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे किंवा वहिवाटीचे एखादे नाव दडलेले असते, आणि म्हणूनच शहाणा माणूस वकिलाकडून शोध अहवाल घेतल्याशिवाय विसार देत नाही. आजचे कोणतेही सॉफ्टवेअर असेच सामाईक असते. आपण पाचशे ओळी लिहितो आणि त्या इतरांच्या लाखो ओळींवर उभ्या असतात. त्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा ‘इतर हक्क’ रकाना असतो. परवान्यांविषयीचा तांत्रिक अहवाल हा त्या अर्थाने शोध अहवाल आहे. फरक एवढाच, की तो एका गिऱ्हाइकासाठी नसतो, सर्वांसाठी असतो. त्यामुळेच तो लिहिणाऱ्याव्यतिरिक्त आणखी कोणीतरी तपासणे अत्यावश्यक ठरते.

पूररेषेचे एक उदाहरण

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, त्यानंतर पूररेषा हा शब्द तिथल्या घराघरात पोहोचला. समजा, तिथल्या काही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी पुराच्या पाण्याच्या खुणा घरोघरी जाऊन नोंदवल्या आणि त्या नकाशावर दाखवणारे एक छोटे सॉफ्टवेअर बनवले. नकाशासाठी त्यांनी क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली घेतली, तिला जोडणारे प्लगिन, म्हणजे जादा सोय देणारा छोटा जोडभाग, स्वतः लिहिले, रस्ते आणि इमारती ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतल्या, आणि पाण्याची उंची मोजण्याच्या गणितासाठी अपाचे २.० परवान्याखालची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली. नगरपालिकेने हे सॉफ्टवेअर मागितले. आता देताना कोणत्या परवान्याखाली द्यायचे?

क्यूजीआयएस जीपीएल घराण्यातले आहे. अपाचे २.० मध्ये पेटंटविषयक काही अटी आहेत आणि जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या बसत नाहीत, असे जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे स्पष्ट मत आहे. एवढे वाचून एखादा विद्यार्थी आपल्या अहवालात ‘ही दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत’ असे लिहून मोकळा होईल, आणि ते वाचून पुढचे दहा जण चांगली लायब्ररी सोडून देतील.

जाणकार परीक्षक इथे पेन टेकवतो आणि विचारतो: दुसरी आवृत्ती ‘फक्त’, की दुसरी ‘किंवा त्यापुढील कोणतीही’? क्यूजीआयएसच्या परवान्यात ‘किंवा त्यापुढील’ हे शब्द आहेत. म्हणजे घेणाऱ्याला तिसरी आवृत्ती निवडण्याची मुभा आहे, आणि तिसऱ्या आवृत्तीत अपाचे २.० चा कोड सामावून घेता येतो. तेव्हा एकत्रित सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली देता येईल. उलट दिशेने मात्र जाता येणार नाही. जीपीएलचा कोड उचलून अपाचे परवान्याखाली देता येत नाही. लिनक्स या संगणक प्रणालीचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीवरच थांबलेले आहे. तिथे हीच लायब्ररी घालायची म्हटली, तर उत्तर नकारार्थी येईल.

दुसरा प्रश्न नकाशाचा. क्यूजीआयएस वापरून काढलेला नकाशा जीपीएलखाली येतो का? नाही, साधनाचा परवाना साधनाला लागतो, त्यातून काढलेल्या चित्राला तो सहसा लागत नाही. मात्र ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीला २०१२ पासून ओडीबीएल हा माहितीसाठीचा वेगळा परवाना आहे. तिच्यावरून काढलेला नकाशा छापला, तर स्रोताचा उल्लेख पुरतो. पण तिच्यात स्वतःच्या नोंदी मिसळून नवा माहितीसंच तयार केला आणि तो लोकांपुढे ठेवला, तर तो संच त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. पूरखुणांच्या नोंदींत घरांचे पत्ते असतील, तर हा मुद्दा नुसता तांत्रिक राहत नाही, लोकांच्या खासगीपणाचाही होतो. खुणा वेगळ्या थरात ठेवायच्या, की मूळ माहितीत मिसळायच्या, हा निर्णय काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

एका लहानशा कामात इतके धागे निघतात. ज्या संघाने हे सगळे शोधून काढले, त्याने ते नीट लिहून ठेवले, तर उद्या महाड किंवा राजापूरच्या पुरावर काम करणाऱ्यांचे कितीतरी दिवस वाचतील.

हे काम आज कोण करते

परवान्यांचा अभ्यास करणारा समाज लहान आहे, पण विखुरलेला नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे आलेल्या नव्या परवान्यावर उघड चर्चा होते आणि मग संचालक मंडळ निर्णय देते. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये एसएसपीएल हा नवा परवाना मान्यतेसाठी पाठवला होता; चर्चेत त्यावर कडक आक्षेप आले आणि मार्च २०१९ मध्ये कंपनीने तो अर्ज मागे घेतला. कोणी काय आक्षेप घेतला, हे आजही वाचता येते. मला हे फार मोलाचे वाटते, कारण नुसता निकाल कळून माणूस शिकत नाही, निकालामागची वादावादी वाचून शिकतो.

लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचा एसपीडीएक्स हा दुसरा महत्त्वाचा उपक्रम. तिथे वकील आणि प्रोग्रामर एकत्र बसून प्रत्येक परवान्याला एक ठरावीक छोटे नाव देतात, त्यामुळे ‘जीपीएल’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘जीपीएल-२.०-ओन्ली’ किंवा ‘जीपीएल-२.०-ऑर-लेटर’ असे नेमके लिहिता येते; वरच्या उदाहरणातला सगळा तंटा या एका शब्दावर मिटला असता. या मानकाची एक आवृत्ती २०२१ मध्ये आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाली. परवान्यांच्या कायदेशीर बाजूवर लेख छापणारे, तज्ज्ञांकडून तपासून घेणारे एक खुले नियतकालिकही २००९ पासून निघत आहे.

तांत्रिक अहवाल म्हणजे काय, आणि काय नव्हे

तांत्रिक अहवालात एकच प्रश्न घेतलेला असतो, त्याची व्याप्ती आरंभीच सांगितलेली असते, आणि वाचणाऱ्याला तीच पडताळणी पुन्हा करता येईल इतका तपशील दिलेला असतो: कोणती आवृत्ती पाहिली, परवान्याची फाइल कोणत्या तारखेची होती, कोणत्या देशाचा कायदा धरला, कोणता निष्कर्ष मजकुरावरून काढला आणि कोणता लेखकाचे मत आहे. तो मताचा लेख नाही, प्रबंध नाही, आणि वकिलाचा सल्ला तर मुळीच नाही.

तारखेचा आग्रह कशासाठी, हे रेडिस या माहिती साठवण्याच्या लोकप्रिय प्रणालीवरून कळते. मार्च २०२४ पर्यंत ती बीएसडी परवान्याखाली होती. मग कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी परवाना बदलला, ओपन सोर्सच्या व्याख्येत न बसणारे दोन पर्याय ठेवले, आणि मे २०२५ मध्ये एजीपीएल हा जीपीएल घराण्यातला मान्यताप्राप्त परवाना तिसरा पर्याय म्हणून जोडला. जुन्या आवृत्त्या ज्यांनी घेतल्या होत्या, त्यांचे बीएसडीचे हक्क मात्र कायम राहिले. ‘रेडिस ओपन सोर्स आहे का’ या प्रश्नाला म्हणूनच आवृत्तीचा आकडा सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

प्रसिद्ध झालेल्या अहवालात गुपचूप बदल करायचा नसतो. इंटरनेटची तांत्रिक रचना ज्या आरएफसी दस्तऐवजांत मांडली आहे, त्यांतला पहिला एप्रिल १९६९ चा आहे. एकदा क्रमांक मिळालेला आरएफसी पुन्हा बदलत नाहीत. चूक आढळली तर तिची वेगळी नोंद होते आणि मोठा बदल हवा असेल तर नव्या क्रमांकाने नवा दस्तऐवज येतो. परवान्यांच्या अहवालांनाही हीच शिस्त हवी. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेने चालवलेल्या झेनोडोसारख्या संग्रहात अहवाल ठेवला, की त्याला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मोफत मिळतो आणि प्रत्येक आवृत्ती वेगळी राहते.

तपासणी कशी होते

लेखकाच्याच तोडीच्या, पण लेखनात सहभागी नसलेल्या जाणकारांनी केलेली तपासणी म्हणजे समकक्ष परीक्षण. पारंपरिक नियतकालिकांत परीक्षकाचे नाव गुप्त असते, काही ठिकाणी लेखकाचेही गुप्त असते. सॉफ्टवेअरच्या जगात उलट वारे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ आपले सगळे परीक्षण उघड्यावर करते. परीक्षक नावानिशी समोर येतात, त्यांच्यापुढे ठरलेली प्रश्नसूची असते, ते एकेका मुद्द्यावर खूण करत जातात, लेखक तिथेच उत्तर देतो आणि दुरुस्ती करतो. सॉफ्टवेअरला मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवाना आहे का, हा त्या सूचीतला एक मुद्दा. लेखकाकडून किंवा वाचकाकडून पैसे घेतले जात नाहीत.

परवान्यांच्या अहवालाला हीच पद्धत लावली, तर किमान दोन परीक्षक हवेत आणि ते दोन वेगळ्या वाटांनी आलेले हवेत: एक कोड वाचू शकणारा, दुसरा कायदा वाचू शकणारा. प्रोग्रामरला ‘जोडणे’ आणि ‘एकत्र ठेवणे’ यांतला तांत्रिक फरक कळतो, पण त्या फरकाला कायदा किती किंमत देतो, हे त्याला सांगता येत नाही; वकिलाचे नेमके याच्या उलट होते. आपल्याकडे ही दोन माणसे एका टेबलावर क्वचितच बसतात, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे.

परीक्षण उघड असावे की गुप्त, याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. उघड परीक्षणाचे फायदे निर्विवाद आहेत. तरीही आपल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या लिखाणावर विद्यार्थ्याने किंवा नवख्या सहकाऱ्याने नावानिशी बोट ठेवावे, ही अपेक्षा अवघड आहे. म्हणून परीक्षकाची टिप्पणी प्रसिद्ध करावी, पण नाव जाहीर करायचे की नाही, हे त्याच्यावर सोपवावे, असा मधला मार्ग मला पटतो.

इतका खटाटोप कशाला? कोणीतरी लिहिलेले वाचले की झाले

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. परवान्यांवर चांगले लिहिणारे लोक आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींचे ज्ञान परीक्षकांपेक्षाही अधिक असते. प्रश्न वाचणाऱ्याचा आहे. ज्याला विषय येत नाही, त्याला दहा लेखांतला खरा कोणता आणि खोटा कोणता, हे ओळखण्याचे साधनच नसते. परीक्षणाची नोंद सोबत असली, तर कोणत्या मुद्द्यावर शंका घेतली गेली आणि तिचे काय झाले, हे त्याला दिसते.

परवान्याच्या अटी कोणी पाळत नसेल तर कोण विचारतो, असेही म्हणणारे असतात. त्यांनी २००८ मधला अमेरिकेतला जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला पाहावा. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवरून तो झाला. परवान्याच्या अटी मोडणे हा नुसता करारभंग नाही, कॉपीराइटचाही भंग ठरू शकतो, असे तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले. सॉफ्टवेअर फुकट दिले होते, म्हणून अटी पोकळ ठरल्या नाहीत.

परीक्षकही चुकतात, आणि वेळही लागतो

दोन्ही खरे आहे. परीक्षण झाले म्हणजे अहवाल बिनचूक झाला, असे कोणी मानू नये. सहज सापडणाऱ्या चुका निघून गेल्या, एवढेच ते सांगते. परीक्षक ज्या कंपनीत काम करतो, तिचा हितसंबंध त्या परवान्यात गुंतलेला असू शकतो, म्हणून तसा संबंध आधीच लिहून देण्याची प्रथा पाळली पाहिजे. वेळेवर उपाय असा, की मसुदा ‘अपरीक्षित’ असा स्पष्ट शिक्का मारून आधीच खुला करावा.

याहून गंभीर धोका पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा आहे. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवेत, या दडपणाखाली आपले कितीतरी शिक्षक त्यांच्याकडे वळतात. तिथे ‘परीक्षण’ हा शब्द मुखपृष्ठावर असतो आणि तपासणी कुठेच नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: परीक्षकाने काय म्हटले, हे दाखवा, असे विचारावे.

भारतीय कायद्यातला एक अनुत्तरित प्रश्न

हे सगळे परदेशातले लोक करतच आहेत, मग आपण वेगळे काय लिहिणार, या शंकेचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे. १९५७ च्या कायद्याचे कलम १९ हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्याविषयी आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाईल आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जाईल, असे ते म्हणते. पुढे कलम ३०-अ सांगते, की कलम १९ च्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतील.

आता एमआयटी परवाना उघडून पाहा. मजकूर जेमतेम तीन परिच्छेदांचा. त्यात मुदतीचा उल्लेख नाही, प्रदेशाचाही नाही. अपाचे २.० मध्ये कायमस्वरूपी आणि जगभर असे शब्द आहेत. जीपीएलची तिसरी आवृत्ती कॉपीराइट टिकेल तोवर परवानगी देते. मग भारतीय लेखकाने भारतात एमआयटीखाली दिलेला कोड पाच वर्षांनी काय होतो? एक बाजू म्हणेल, कलम स्पष्ट आहे. दुसरी म्हणेल, एमआयटीत ‘कोणत्याही निर्बंधाविना’ असे शब्द आहेत आणि निर्बंध नाही म्हणजे मुदतीचाही नाही. शिवाय ‘आवश्यक त्या फेरफारांसह’ या शब्दांत न्यायालयाला पुष्कळ वाव आहे. कदाचित तिसरी बाजू म्हणेल, प्रत्येक नव्या घेणाऱ्याला परवाना नव्याने मिळतो, तेव्हा मुदत मोजायची तरी कुठून?

हा प्रश्न अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या परीक्षकाच्या मनात येण्याचे कारण नाही. तो इथल्याच माणसांनी लिहायला हवा, आणि एकट्या वकिलाने किंवा एकट्या प्रोग्रामरने लिहून तो सुटणार नाही.

कोकणातून सुरुवात कुठून करावी

मोठ्या संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात संशोधनासाठी ओपन सोर्स साधने वापरण्यास भरपूर वाव आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी विधी शाखेचे विद्यार्थी आहेत. प्रकल्पाच्या शेवटी चार पानांचा परवाना अहवाल जोडायचा आणि तो दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका संगणक विद्यार्थ्याने आणि एका विधी विद्यार्थ्याने तपासायचा, एवढा पायंडा पडला तरी पुष्कळ काम होईल. अहवाल मराठीत लिहावा; परवान्याचे आणि घटकांचे नाव मात्र एसपीडीएक्सच्या यादीतल्याप्रमाणे जसेच्या तसे ठेवावे, म्हणजे संगणकाला आणि परप्रांतीय परीक्षकालाही ते ओळखता येईल.

पहिल्या अहवालासाठी विषय छोटा घ्यावा. एकच लायब्ररी, तिची एकच आवृत्ती. तिची परवान्याची फाइल पूर्ण वाचावी, मग आतल्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावरची ओळ तिच्याशी ताडून पाहावी. बाहेर एमआयटी लिहिलेले आणि आत एखाद्या फाइलवर जीपीएलची ओळ, असे आढळले तर ती फाइल कोणी, केव्हा आणली, हे कोडच्या इतिहासात शोधावे, मूळ लेखकाला नम्रपणे विचारावे, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत अहवालात त्या फाइलसमोर ‘अनिर्णित’ असे लिहावे.